प्रोस्टेटच्या ‘हर्बल’ कॅप्सूल : तीन बाटल्या, २,९९८ रुपये

आधी हिशेब. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून ‘दोन घ्या, एक मोफत’ या बोलीवर प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, हर्बल कॅप्सूलच्या तीन बाटल्या आणल्या. एका बाटलीत साठ कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर एकेक. दोन बाटल्या संपवल्या, तिसरीचं सील अजून शाबूत आहे. पाचपैकी दीड स्टार देतोय. एक तर द्यावाच लागतो, वरचा अर्धा कशाचा ते ओघात येईल. बाटलीचं नि दुकानाचं नाव लिहीत नाही. त्याच कपाटात तसल्याच आणखी चार बाटल्या होत्या, वरची पानंफुलं वेगळी, आतला माल जवळपास तोच, आणि माझं गाऱ्हाणं त्या सगळ्यांना लागू आहे.

माझं वय ६४. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा क्वालिटीत. भट्टीतला रस ओतायच्या आधी त्याचं सॅम्पल घ्यायचं, घासायचं, स्पेक्ट्रोवर ठेवायचं, कार्बन-सिलिकॉन-मँगनीज-सल्फरचे आकडे बघायचे आणि मगच ‘ओता’ म्हणायचं, हे माझं काम. ‘साहेब, माल एक नंबर आहे’ एवढ्या तोंडी शब्दावर माझ्यासमोरून एक कास्टिंग पुढं गेलं नाही. तोच मी वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडी शब्दावर तीन हजार मोजून आलो. म्हणून हा रिपोर्ट जरा लांबणार, वाचणाऱ्यांनी चहा घेऊन बसावं.

झालं असं की गेल्या वर्षभरात रात्री लघवीला उठणं वाढलं. आधी एकदा, मग दोनदा, मग चारदा. उठायचं, दिवा लावायचा, उभं राहायचं, धार यायला वेळ, आली तरी बारीक, परत येऊन पडलं की वाटायचं अजून राहिलीय. आमच्या मंडळींची झोप माझ्यापेक्षा जास्त मोडायची. रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत आमचा बापू आहे. त्याला सांगितलं, तर म्हणाला, “आरं मर्दा, ह्या गोळ्या घे. माझं पाचपतूर सलग झोपणं सुरू झालंय. आन् कॅन्सरचं बी टेन्शन न्हाई.”

दुकानातला पोरगा बापूपेक्षा चार पावलं पुढं. “काका, प्युअर प्लांट बेस्ड हाय. हार्मोन बॅलन्स करतंय. साइड इफेक्ट झीरो. प्रोस्टेट कॅन्सर आसपास फिरकत न्हाई.” काउंटरवर एक पत्रकांचा गठ्ठा होता, त्यातलं एक त्यानं पिशवीत टाकलं. बिल मागितलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला. तिथंच कान टवकारायला हवे होते.

घरी आल्यावर भिंग काढलं. कास्टिंगवरच्या बारीक भेगा बघायचं जुनं भिंग आहे, रिटायर होताना तेवढं मागून घेतलं होतं. बाटलीच्या पुढच्या बाजूला हिरवं पान आणि पानावर दवाचा थेंब. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात असं : ‘प्रोप्रायटरी ब्लेंड ६२० मि.ग्रॅ.’ आणि त्याखाली स्वल्पविरामांची माळ. सॉ पाल्मेटो, सोया आयसोफ्लेव्होन, लायकोपीन, ग्रीन टीचा अर्क, भोपळ्याच्या बियांचा अर्क, गोखरू. कुणाचं किती, ते नाही. फक्त दोघांपुढं आकडे : ई जीवनसत्त्व १० मि.ग्रॅ. आणि सेलेनियम ४० मायक्रोग्रॅम. सगळ्यात खाली, घडीत दडल्यासारखं, ‘औषधी वापरासाठी नाही’.

आता ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणजे काय, ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. साध्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ग्राफाइट पाकळ्यांसारखं पसरलेलं असतं, म्हणून बीड ठिसूळ. त्याच रसात ०.०४ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम राहिलं की ग्राफाइटच्या पाकळ्यांऐवजी गोळ्या होतात, आणि तेच बीड मोडायच्या ऐवजी वाकायला लागतं. त्याला आम्ही एस.जी. आयर्न म्हणतो. दहा हजारांत चार भाग! तेवढं कमी पडलं की अख्खी हीट, म्हणजे भट्टीचा अख्खा घाणा, रिजेक्ट. थोडक्या मात्रेनं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको, आणि म्हणूनच मात्रा न लिहिलेला माल मला चालत नाही. गिऱ्हाइकाला पाठवायच्या सर्टिफिकेटवर मी ‘लोखंड व इतर, एकूण शंभर टक्के’ असं लिहिलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवलं असतं.

राहवेना, म्हणून गुजरीत ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्याचा काटा ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवतो. दहा कॅप्सूल उघडल्या, पूड बटर पेपरवर ओतली, एकेक तोलली. सराफ म्हणाला, “काका, ह्यात सोनं निघालं तर निम्मं माझं.” लेबलवर ६२० अधिक ई जीवनसत्त्व नि सेलेनियम. काट्यावर सगळ्यात हलकी ५४८, सगळ्यात जड ६९१ मिलिग्रॅम. पूड तपकिरी-हिरवी, वास पावसात भिजलेल्या कडब्याचा, जिभेवर ठेवली तर कडू नाही की तुरट नाही, नुसती माती. माझी मुलगी फार्मसी शिकलेली, पुण्यात असते. तिला फोन केला. म्हणाली, “पप्पा, औषधाच्या एवढ्या वजनाच्या कॅप्सूलला सरासरीच्या साडेसात टक्के इकडंतिकडं चालतं. पण हे औषध म्हणून विकतच नाहीत ना, फूड सप्लिमेंट आहे.” म्हणजे विकताना औषध, मोजताना अन्न.

बाटलीचं झाकण मात्र झकास आहे. दाबून फिरवायचं, आत रबराची चकती, हवा जाईल तर शपथ. तो अर्धा स्टार झाकणाचा.

त्या संध्याकाळी मुलीनं व्हिडिओ कॉलवर तासभर शाळा घेतली. मुळात हार्मोनचा नि ह्या ग्रंथीचा संबंध काय, तिथून सुरुवात. प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी असते आणि मूत्रनळी तिच्या मधून जाते. ती वाढते पुरुषी हार्मोनवर. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन ग्रंथीत गेलं की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं डीएचटी नावाच्या जास्त जोमदार हार्मोनमध्ये रूपांतर करतं. १९४१ साली चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरनं दाखवून दिलं की पुरुषी हार्मोन तोडलं किंवा स्त्रीचं हार्मोन दिलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागं हटतो. त्याबद्दल त्याला १९६६ साली नोबेल मिळालं. तेव्हा ‘हार्मोन’ हा शब्द दुकानातल्या पोरानं हवेतून काढलेला नाही. त्याच्या बोलण्यातली मेख वेगळीच आहे, आणि ती माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले.

मुलीनं आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितली होती. ग्रंथी वयानं मोठी होणं हा एक आजार, कॅन्सर हा दुसरा. मोठी झालेली ग्रंथी पुढं कॅन्सर होते असं नाही. बाटलीवर मात्र दोन्हींची खिचडी. माझी तक्रार रात्रीच्या उठण्याची, आणि मी विकत घेतला कॅन्सरचा दिलासा.

यादीतला पहिला गडी सॉ पाल्मेटो. अमेरिकेतल्या एका बुटक्या ताडाचं फळ. ते डीएचटी बनवणाऱ्या विकराला अडवतं असं म्हणतात, काचेच्या नळीत तसं दिसतंही. पण २०११ साली अमेरिकेत ३६९ पुरुषांवरची चाचणी छापून आली. ७२ आठवडे, निम्म्यांना अर्क, निम्म्यांना दिसायला तशीच पोकळ, म्हणजे औषध नसलेली, गोळी. अर्काचा डोस टप्प्याटप्प्यानं नेहमीच्या तिप्पट केला. दोन्ही गटांत लघवीच्या तक्रारी सारख्याच कमी झाल्या. सारख्याच कमी झाल्या, हे परत वाचा. पोकळ गोळीवाल्यांनाही बरं वाटलं! बापूची पाचपर्यंतची झोप मला तिथं समजली. शिवाय त्यानं त्याच महिन्यात रात्रीचा चहा सोडला होता, हे नंतर वहिनींकडून कळलं.

सोयाबीनवर मला जास्त बोलायचंय, कारण ते आमच्या घरचं आहे. माझा धाकटा भाऊ हातकणंगले तालुक्यात सोयाबीन करतो. २०२४ च्या दिवाळीत हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, त्याच्या हातात पडले ४,१५०. ओलावा जास्त, माती जास्त, नेहमीची रड. त्या भावानं ह्या तीन बाटल्या म्हणजे ७२ किलो सोयाबीन. शेतात आम्ही विकायचं आणि राजारामपुरीत त्याचा चिमूटभर अर्क पान छापलेल्या बाटलीतून परत घ्यायचा. भावाला सांगितलं तर तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, मला सांगायचं हुतंस. पोतं टाकून गेलो असतो.”

गंमत पुढं आहे. माझा पुतण्या तालमीत जातो. तिथं वस्ताद पोरांना सांगतात, सोयाबीन खाऊ नका, बायकांचं हार्मोन असतंय त्यात, अंग ढिलं पडतंय. म्हणजे तालमीत सोयाबीन नको, कारण ते पुरुषी हार्मोन कमी करतं. आणि दुकानात सोयाबीन हवं, तेही त्याच कारणानं. एकाच दाण्याला एका गल्लीत शिव्या नि दुसऱ्या गल्लीत १,४९९ रुपये. मुलीला विचारलं, ह्यात खरं कोण? म्हणाली, “दोघंही नाहीत, पप्पा.” सोयाबीनमधली आयसोफ्लेव्होन, म्हणजे जेनिस्टीन, डाइडझीन वगैरे, रचनेनं इस्ट्रोजेन ह्या स्त्री-हार्मोनसारखी दिसतात आणि त्याच कुलपात थोडीफार बसतात. पण पुरुषांवर झालेले कित्येक प्रयोग एकत्र करून पाहिले, तर सोयाबीन खाऊन किंवा त्याचा अर्क घेऊन टेस्टोस्टेरॉन काही हललेलं नाही. पुतण्यानं खुशाल खावं.

मग जपानचं काय? कारण ही सगळी कल्पना तिथून निघाली. जपानी माणूस टोफू, मिसो असले सोयाबीनचे पदार्थ खाऊन दिवसाला २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन पोटात घालतो आणि तिथं प्रोस्टेट कॅन्सर अमेरिकेपेक्षा कमी. तेच जपानी अमेरिकेत स्थायिक झाले की त्यांच्यातलं प्रमाण वाढतं. म्हणजे नुसतं रक्त नव्हे, राहणीखाणीचा हात आहे, इथपर्यंत ठीक. पण अमेरिकेत गेलेल्या माणसाच्या खाण्यातलं नुसतं टोफूचंच प्रमाण बदलतं असं नाही. वजन, मांस, दूध, व्यायाम, आणि तपासण्यांचं प्रमाणसुद्धा बदलतं. आमच्याकडं एका हीटमध्ये पाच गोष्टी बदलल्या आणि कास्टिंग चांगलं आलं, तर कुणाला शाबासकी द्यायची? प्रत्यक्ष पारखलं तेव्हा असं दिसलं : प्रोस्टेट काढून टाकलेल्या, पण कॅन्सर उलटायचा धोका जास्त असलेल्या १७७ जणांना दोन वर्षांसाठी रोज सोया प्रथिन किंवा दुधाचं प्रथिन द्यायचं ठरवलं. २०१३ साली निकाल आला. उलटलेल्यांचं प्रमाण सोयावाल्यांत २७ टक्के, दुसऱ्या गटात साधारण २९. फायदा दिसत नाही म्हणून प्रयोग मध्येच थांबवला होता. हे आजार झालेल्यांवरचं, हे खरं. लहानपणापासून खाल्लं तर काय, हा प्रश्न ६४ व्या वर्षी मला लागू नाही. शिवाय डाइडझीनपासून इक्वॉल नावाचा जास्त कामाचा पदार्थ आतड्यातले जंतू तयार करतात, आणि ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. माझ्या आहेत का, ते बाटलीला कसं कळणार?

लायकोपीनची गोष्ट कट्ट्यावर सांगितली तर बापू म्हणाला, “मग तांबडा रस्सा पी की! लालभडक हाय.” त्याला म्हटलं, लेका, रश्श्याचा लाल मिरचीचा असतो. लायकोपीन टोमॅटोचा लाल, कलिंगडाचा लाल, गुलाबी पेरूचा लाल. १९९५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी हजारो पुरुषांच्या खाण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठवड्याला दहापेक्षा जास्त वेळा टोमॅटोचे पदार्थ खाणाऱ्यांत हा कॅन्सर ३५ टक्के कमी दिसला. शिजवलेला, तेलातला टोमॅटो अंगी जास्त लागतो, कारण लायकोपीन तेलात विरघळतं. म्हणजे आपली टोमॅटोची भाजी फोडणीला टाकतो तीच रीत. ह्या आकड्यावर गोळ्यांचा अख्खा बाजार उभा राहिला. मग कंपन्यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडं लेबलवर तसं लिहायची परवानगी मागितली. २००५ साली उत्तर आलं : टोमॅटोबद्दल हवं तर ‘फार तोकडा आणि प्राथमिक पुरावा आहे’ असं लिहा, लायकोपीनच्या गोळीबद्दल काहीच लिहू नका. भाजीला निदान काठावर पास केलं, गोळीला नापास.

ग्रीन टीचं तेच : इटलीत २००६ साली साठ माणसांवर डोळे दिपवणारा निकाल, पुढच्या प्रयोगात तो टिकला नाही. भोपळ्याच्या बिया नि गोखरूवर मी वेळ घालवत नाही.

ज्या दोघांपुढं आकडे लिहिलेत, ते ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम. लेबलवर सगळ्यात प्रामाणिक हेच, आणि सगळ्यात वाईट इतिहास ह्यांचाच. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांवर दुसऱ्याच कारणासाठी एक प्रयोग झाला होता, त्यात रोज ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना प्रोस्टेट कॅन्सर एक तृतीयांशानं कमी झाला. सगळे हरखले. मग २००१ पासून अमेरिका-कॅनडात ३५,५३३ पुरुष घेऊन मोठा प्रयोग मांडला. ई जीवनसत्त्व ४०० युनिट, सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, दोन्ही, किंवा पोकळ गोळी. फायदा दिसेना म्हणून २००८ साली गोळ्या बंद केल्या. पण माणसांवर नजर ठेवली. २०११ साली कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेतलेल्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त. जास्त! माझ्या बाटलीतला डोस त्या मानानं किरकोळ, म्हणून घाबरून गेलो नाही. पण कॅन्सर रोखायच्या नावाखाली ते घालायचं कारण २०११ सालीच संपलं होतं, आणि माझी बाटली अलीकडची आहे.

आता माझी स्वतःची चूक. बाटल्या आणल्या त्याच आठवड्यात मुलीनं धरून-बांधून यूरॉलॉजिस्टकडं पाठवलं. सोनोग्राफीत ग्रंथी ४२ ग्रॅम, म्हणजे वाढलेली. लघवीत इन्फेक्शन. रक्तातला पीएसए ६.२. पीएसए म्हणजे प्रोस्टेट बनवते ते प्रथिन, कॅन्सरची शंका तपासायला मोजतात; तो साधारणपणे चारच्या आत असावा म्हणतात. डॉक्टरांनी इन्फेक्शनच्या गोळ्यांचा कोर्स दिला आणि म्हणाले, इन्फेक्शननंही पीएसए चढतो, दोन महिन्यांनी परत करू. टेस्टच्या आधी दोन दिवस सायकल नको. “आणखी काही घेता का?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. का म्हटलं? हर्बल म्हणजे काही औषध नव्हे, असं मनात धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर तीन हजार कुठं घातले हे डॉक्टरला सांगायची लाज वाटली.

दोन महिन्यांनी पीएसए ३.८. मी हवेत. रंकाळ्यावर बापूला मिठीच मारली. डॉक्टरांकडं गेलो आणि तोऱ्यात बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, मागचं वाचलं, चष्मा काढला. “काका, तुम्ही फाउंड्रीत होता ना? इन्फेक्शनच्या गोळ्या मी दिल्या, ह्या तुम्ही घेतल्या. आकडा कशानं उतरला, सांगा बघू.” ओशाळलो. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी अठरा वर्षं ट्रेनी पोरांना ओरडून सांगत होतो.

मग ते म्हणाले ते महत्त्वाचं. ग्रंथी लहान करायचं फिनास्टराइड नावाचं खरं औषध आहे, ते डीएचटी बनूच देत नाही. ते सहा महिने-वर्षभर घेतलं की पीएसए निम्म्यावर येतो. पेशंट ते घेतोय हे माहीत असेल तर डॉक्टर आलेला आकडा दुप्पट करून वाचतात. “ह्या बाटलीत खरंच हार्मोनवर चालणारं काही असतं, आणि तुम्ही मला सांगितलं नसतं, तर तुमचा सात मी साडेतीन समजून तुम्हाला घरी पाठवलं असतं.”

“असं असतं का कधी?” मी विचारलं. तेव्हा त्यांनी पीसी-स्पेसची गोष्ट सांगितली. अमेरिकेत नव्वदच्या दशकात आठ वनस्पतींचं मिश्रण म्हणून ह्या नावाच्या कॅप्सूल निघाल्या. पीसी म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर, स्पेस म्हणजे लॅटिनमध्ये आशा. आणि त्या लागू पडल्या! कॅन्सरच्या पेशंटचा पीएसए धडाधड खाली. सोबत पुरुषांच्या छात्या दुखायला लागल्या, कामेच्छा गेली, काहींच्या रक्तात गुठळ्या झाल्या. म्हणजे हुबेहूब स्त्री-हार्मोन दिल्यावर होतं तसं. शेवटी तपासणीत सापडलं काय, तर डीईएस, कारखान्यात बनवलेलं इस्ट्रोजेन; शिवाय रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि इंडोमेथासिन नावाची वेदनाशामक गोळी. २००२ साली माल बाजारातून मागं घेतला. हगिन्सचं १९४१ चं ज्ञान वनस्पतीच्या लेबलाखाली विकलं जात होतं, आणि घेणाऱ्याला पत्ता नाही.

दुकानातल्या पोराच्या बोलण्यातली मेख ती ही. ‘हार्मोन बॅलन्स करतंय’ आणि ‘साइड इफेक्ट झीरो’ ही दोन वाक्यं एका बाटलीत मावत नाहीत. हार्मोन हलवणारी गोळी असेल तर ती डॉक्टरच्या कागदावर पाहिजे. हलवणारी नसेल तर माझे २,९९८ कशाचे?

माझ्या बाटलीत भेसळ होती असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडं नाही आणि ती तपासायला काटा नि भिंग पुरत नाही. पण कशाचं किती, हे न लिहिणाऱ्यानं माझा विश्वास कशावर मागावा?

ते पत्रक परत काढून वाचलं. बाटलीवर ‘कॅन्सर’ हा शब्द कुठंही नाही. पत्रकावर ‘पुरुषांचं गंभीर आजारापासून संरक्षण’. आणि पोराच्या तोंडी चक्क प्रोस्टेट कॅन्सर. जेवढा कागद लहान तेवढी हिंमत मोठी, आणि कागद नसला की विचारूच नका. मुलगी म्हणाली, औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ सालचा कायदा आहे. कोणते आजार बरे करण्याची किंवा रोखण्याची जाहिरात करायची नाही, त्याची त्यात यादीच आहे. त्या यादीत कॅन्सर आहे, आणि प्रोस्टेट ग्रंथीचे विकारही वेगळे नाव घालून आहेत. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी ह्या काउंटरचा विचार करून ठेवला होता म्हणायचं.

सील न तोडलेली बाटली परत घेता का, म्हणून दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, “काका, मोफतची हाय ती. तिचं काय परत घ्यायचं?” बिनतोड.

सध्या डॉक्टरांनी झोपताना एक टॅमसुलोसिन दिलीय. ती ग्रंथी लहान करत नाही, तिथले स्नायू सैल करते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रात्री एकदाच उठतोय. संध्याकाळी सातनंतरचा चहा बंद केला, त्याचाही वाटा असेल. परत दोन गोष्टी एकदम बदलल्या, पण ह्या वेळी डॉक्टरला सांगून.

खाण्याचं विचाराल, तर लक्ष्मीपुरीतून जवस आणतो. मुलगी म्हणाली म्हणून नव्हे, आमची आई करायची म्हणून; पण मुलीनं त्यावरचंही शोधून दिलं. ऑपरेशनची वाट बघणाऱ्या १६१ पेशंटांवर प्रयोग झाला, २००८ साली छापून आला. त्यात रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस खाणाऱ्यांच्या गाठीतल्या पेशी हळू वाढताना दिसल्या. पीएसएत फरक नाही. महिनाभराचा प्रयोग, त्यावरून कॅन्सर टळतो असं कुणी म्हणू नये. पण चटणी चांगली लागते. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, गार होऊ द्यायचं, मग लसूण, सुकी मिरची, मीठ घालून खलबत्त्यात. मिक्सरला लावलं तर तेल सुटून लगदा होतो. अख्खं खाल्लं तर जसं गेलं तसं बाहेर, त्यामुळं कुटायलाच पाहिजे. ती चटणी आता रिकाम्या बाटलीत ठेवतो. झाकण म्हटलं ना, एक नंबर आहे.

दुधाचा विषय निघाला तेव्हा मात्र मी मुलीला थांबवलं. दूध आणि कॅल्शियम फार घेणाऱ्यांत हा कॅन्सर थोडा जास्त दिसतो असं काही अभ्यास सांगतात, पुरावा अजून कच्चा आहे, असं ती म्हणाली. वजन वाढू देऊ नका, जोर धरणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरशी लठ्ठपणाचा संबंध जास्त पक्का आहे, असंही म्हणाली. वजन चार किलो उतरवलं. पण गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार पेल्यात पडताना उभं राहायचं आणि पेला नको म्हणायचं, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला जास्त पक्का पुरावा लागेल. रोजचं आठवड्यातून एकदा केलं. तडजोड.

तिसऱ्या बाटलीचं काय करायचं, हा प्रश्न होता. बापूनं मध्यंतरी स्वतःच मागितली. “तू न्हाई घेत तर मला दे की. फुकटची हाय.” त्याचं वय ६८, त्याच्या थोरल्या भावाला हाच कॅन्सर झाला होता, आणि बापूनं पीएसए एकदाही केलेला नाही. गोळ्या घेतोय ना, मग कशाला, असं म्हणतो. भावाला असेल तर आपल्याला धोका दुपटीच्या आसपास जातो, हे डॉक्टरांनी मला विचारताना सांगितलं होतं, ते मी त्याला सांगितलं. लॅबमध्ये साडेसहाशे रुपये लागतात. त्याला म्हटलं, आधी रिपोर्ट घेऊन ये, मग बाटली घेऊन जा.

आज अकरावा दिवस. बाटली फ्रिजवर ठेवलीय. बापू रोज रंकाळ्यावर भेटतो आणि बाटलीचं विचारतो.